न लिहिलेले आत्मचरित्र : अनुराधा गांधी यांचे आयुष्य वाचताना

१

डाव्या चळवळीतल्या स्त्रियांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पुस्तके मराठी वाचकाला नवी नाहीत. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आले आणि दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उषाताई डांगे यांचे 'पण ऐकतं कोण?' हेही साधारण त्याच काळातले. पहिले पुस्तक ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाचे, दुसरे गिरणगावाच्या वाटेने जाणाऱ्या एका बाईच्या घडणीचे. दोन्ही पुस्तकांत 'मी' आहे. हा 'मी' चुकतो, घाबरतो, शिकतो. वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण तो स्वतःची परीक्षा स्वतः घेत असतो.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर एक अनुपस्थिती मला बरीच वर्षे खुपते आहे. अनुराधा गांधी, माहेरच्या शानभाग, मुंबईत जन्मल्या, वाढल्या, नागपुरात एका तपाहून अधिक काळ राहिल्या, तिथल्या विद्यापीठात शिकवत होत्या. पुढे त्या भूमिगत झाल्या, बस्तरच्या जंगलात राहिल्या आणि बंदी असलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (माओवादी) केंद्रीय समितीवर निवडल्या गेल्या. तिथवर पोहोचलेल्या स्त्रिया अगदी मोजक्या. १२ एप्रिल २००८ रोजी मुंबईत मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी भरपूर लिहिले, पण आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्याविषयी मात्र पुष्कळ लिहिले गेले.

त्यांचे आयुष्य आपल्यापर्यंत कुणाच्या शब्दांत आले, त्या शब्दांनी त्याचे काय केले आणि त्यांचे स्वतःचे लेखन त्याविषयी काय सांगते, हा या लेखाचा विषय आहे. मला हा प्रश्न साहित्याचा वाटतो. चरित्र सांगण्याची जी रीत आपल्या भाषेत मुरलेली आहे, ती इथे कमी पडते असे माझे मत झाले आहे, आणि त्या कमी पडण्याची किंमत लहान नाही.

२

आधी आयुष्याचा आराखडा मांडू. अनुराधा यांचा जन्म २८ मार्च १९५४चा. आईवडील दोघेही अविभक्त कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळातले. वडील गणेश शानभाग वकील होते. तेलंगणातल्या सशस्त्र लढ्यानंतर तुरुंगात पडलेल्या कम्युनिस्टांचे खटले लढवण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. धाकटे भाऊ सुनील शानभाग यांना मराठी वाचक नाट्यदिग्दर्शक म्हणून ओळखतो. घरात पुस्तके, वादविवाद, नाटक. म्हणजे राजकारण या मुलीला बाहेरून चिकटले नाही, ते घरातच होते.

एल्फिन्स्टन कॉलेजात त्या शिकत होत्या तो सत्तरच्या दशकाचा आरंभ. बांगलादेशचे निर्वासित, १९७२चा दुष्काळ, दलित पँथरचा उदय आणि १९७४ची वरळीची दंगल हे सगळे त्यांच्या विशीच्या आसपास घडत होते. प्रोग्रेसिव्ह युथ मूव्हमेंट या विद्यार्थी-तरुणांच्या संघटनेत त्या आल्या. समाजशास्त्रात एम.ए. आणि एम.फिल. करून मुंबईच्या महाविद्यालयांत शिकवू लागल्या. आणीबाणीनंतर लोकशाही हक्क संरक्षण समितीच्या उभारणीत त्या पुढे होत्या. १९७७ साली कोबाड गांधी यांच्याशी लग्न झाले.

१९८२च्या सुमारास हे जोडपे नागपूरला गेले. अनुराधा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत आणि इंदोऱ्यात, दलित वस्तीत, भाड्याच्या खोल्यांत राहत. ज्यांनी नागपूरचा मे महिना सोसला आहे त्यांना उन्हात सायकल हाणत वस्त्या आणि कामगार चाळी पालथ्या घालणे म्हणजे काय, हे सांगायला नको. खापरखेडा वीज केंद्राच्या बांधकामावरचे कंत्राटी मजूर, कामठीचे विडी कामगार, मोलकरणी, स्त्री संघटना, सांस्कृतिक आघाडी अशी त्यांच्या कामाची क्षेत्रे होती. गडचिरोलीतली १९८४ची कमलापूर परिषद पोलिसांनी होऊ दिली नाही. त्या परिषदेच्या धामधुमीतही त्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नागपुरात उघडपणे राहणे अवघड झाले आणि पुढे त्या बस्तरला गेल्या. तिथे त्यांचे नाव जानकी झाले. नर्मदा, वर्षा, रमा अशी आणखीही नावे त्यांनी वापरली.

त्यानंतर सिस्टिमिक स्क्लेरोसिस हा शरीराच्या एकेका अवयवावर आक्रमण करणारा आजार जडला. हात साथ देईनासे झाले, पण काम चालू राहिले. २००७च्या पक्ष काँग्रेसमध्ये त्यांची केंद्रीय समितीवर निवड झाली. २००८च्या वसंतात झारखंडमध्ये आदिवासी स्त्री कार्यकर्त्यांना स्त्रीप्रश्नावर शिकवून त्या परतल्या, त्या ताप घेऊनच. मलेरिया फाल्सिपेरम होता. भूमिगत माणसाला आपला ठावठिकाणा सांगता येत नाही, त्यामुळे वेळेवर योग्य उपचार मिळणेही सोपे नसते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. वय चोपन्न.

३

या आराखड्यात रक्तमांस भरणारी चार-पाच कथने आज उपलब्ध आहेत. 'स्क्रिप्टिंग द चेंज' हा अनुराधा यांच्या निवडक लेखांचा इंग्रजी संग्रह २०११ साली दानिश बुक्सने काढला. आनंद तेलतुंबडे आणि शोमा सेन हे त्याचे संपादक. त्याला अरुंधती रॉय यांची प्रस्तावना आहे. राहुल पंडिता यांच्या 'हॅलो, बस्तर'मध्ये एक प्रकरण अनुराधा यांच्यावर आहे. तिहारसह अनेक तुरुंगांत दहा वर्षे काढून ऑक्टोबर २०१९मध्ये सुटलेल्या कोबाड गांधी यांचे 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' २०२१ साली आले. शिवाय मित्रमैत्रिणींचे स्मृतिलेख आणि पक्षाने काढलेले श्रद्धांजलीपर लेखन आहेच.

ही सगळी कथने एकापाठोपाठ वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. लिहिणाऱ्यांच्या भूमिका वेगळ्या आहेत, तरी चित्र एकच उमटते. सुखवस्तू घरातली, हुशार, हसतमुख, कमालीची साधी मुलगी. तिने नोकरी, घर, प्रकृती सगळे सोडले. अरुंधती रॉय अनुराधांना कधी भेटल्या नव्हत्या. त्या सांगतात की जो तो अनुराधांविषयी बोलताना ती वेगळी होती, एवढेच म्हणतो. या वेगळेपणाच्या मागे जाऊन तिचे लेख वाचण्याचा प्रयत्न रॉय करतात, हे त्यांच्या प्रस्तावनेचे मोल. इतर लेखक मात्र बहुतेक त्या वेगळेपणापाशीच थांबतात.

कोबाड यांच्या पुस्तकात तर अनुराधा ही एक कसोटीच बनते. चळवळ का फसली, माणसे सत्तेच्या आणि अहंकाराच्या आहारी का गेली, या प्रश्नाचा विचार करताना ते पुन्हा पुन्हा पत्नीच्या निर्मळ, निर्व्याज स्वभावाकडे वळतात. क्रांतीला स्वातंत्र्य, चांगुलपणा आणि आनंद यांची जोड हवी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्या चांगुलपणाचा नमुना म्हणजे अनुराधा. पक्षाला हे पुस्तक मानवले नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये कोबाड यांना पक्षातून काढल्याचे पक्षाने जाहीर केले. एका वर्षाने दुसऱ्या टोकाकडून प्रहार झाला. अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार डिसेंबर २०२२मध्ये शासनानेच रद्द केला. काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. मराठी साहित्यविश्वात त्या आठवड्यांत जो गदारोळ झाला, तो आपल्याला आठवतो. लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न खराच होता आणि पुरस्कार मागे घेणे मला तेव्हाही चूक वाटले, आजही वाटते. पण त्या सगळ्या वादात पुस्तकाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या बाईविषयी कुणी दोन वाक्ये लिहिलेली माझ्या वाचनात आली नाहीत. एका बाजूसाठी ते नक्षलवादाचे उदात्तीकरण होते, दुसऱ्या बाजूसाठी अभिव्यक्तीचे प्रकरण. अनुराधा दोन्हीकडे तळटीप राहिल्या.

हे असे का होते, याचा विचार करताना मला आपल्या 'त्याग' या शब्दाकडे यावे लागते. घरदार सोडून गेलेल्या माणसाविषयी मराठी मनात एक तयार जागा आहे. संतचरित्रांपासून गांधीवादी कार्यकर्त्यांच्या आठवणींपर्यंत ती जागा आपण जपली आहे. अनुराधांचे आयुष्य त्या जागेत अगदी सहज बसते. बसते म्हणूनच धोका आहे. त्यागाच्या गोष्टीत माणसाने काय सोडले याची यादी मोठी होत जाते आणि त्याने काय विचार केला, काय ठरवले, कशाची जबाबदारी घेतली, हे लहान होत जाते. माणूस पूजनीय झाला की त्याच्याशी वाद घालायची सोय राहत नाही. स्त्रीच्या बाबतीत तर हे दुहेरी घडते. तिचा साधेपणा, हसरेपणा, सोशिकपणा सांगण्यात लेखक रमतात. हेच आयुष्य पुरुषाचे असते तर पहिल्याच पानावर त्याची राजकीय मांडणी आली असती.

४

म्हणून मी तिच्या लेखांकडे वळलो, आणि तिथे मला वेगळीच बाई भेटली. चरित्रातली अनुराधा मृदू आहे. लेखांतली अनुराधा मृदू नाही. ती हिशेबी आहे, चिकित्सक आहे, प्रसंगी कठोर आहे.

संग्रहातल्या विदर्भावरच्या लेखांपासून सुरुवात करावी. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केली. शंभराहून अधिक वर्षांनी ती बंद पडली आणि सरकारने ती ताब्यात घेतली, तेव्हा कामगारांच्या बाजूच्या अनेकांना तो विजय वाटला. अनुराधांनी त्या विजयालाच प्रश्न विचारला. ताबा बदलल्याने कामगाराच्या पदरात नेमके काय पडले, हा त्यांचा सवाल आहे. भंडारा जिल्ह्यातल्या विडी कामगारांच्या सहकारी संस्थेचा त्यांनी असाच बारकाईने अभ्यास केला. सहकार हा शब्द ऐकला की महाराष्ट्रात माना आदराने लवतात. तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, सूत बांधून विड्यांचे कट्टे मोजून देणाऱ्या बाईच्या हाताशी त्या सहकाराचा संबंध किती, हे त्या पाहतात. खापरखेड्याच्या संपावरही त्यांनी लिहिले. त्या संपात त्या स्वतः गुंतलेल्या होत्या. तरीही त्या लेखात वीरश्री नाही. कुठे चुकले, काय शिकायचे, असा त्याचा सूर आहे.

दुसरा भाग जातीवरच्या लेखनाचा, आणि माझ्या मते तोच त्यांच्या विचाराचा कणा. भारतातल्या डाव्यांनी जात हा वरच्या मजल्याचा प्रश्न मानला. पाया बदलला की मजला आपोआप कोसळेल, असे ते म्हणत राहिले. अनुराधा हे मान्य करत नाहीत. जमीन आणि श्रम यांच्याशी जात कशी जखडलेली आहे, याचा इतिहास त्या मांडतात, फुले-आंबेडकरांच्या चळवळींचा मागोवा घेतात आणि जातिविरोधी लढा क्रांतीनंतरसाठी राखून ठेवता येणार नाही, असे बजावतात. आंबेडकरांशी त्यांचे मतभेद आहेत आणि ते त्या लपवत नाहीत. पण हे मतभेद इंदोऱ्यात राहून, आंबेडकरांच्या माणसांत बसून झालेले आहेत, पोथीतून आलेले नाहीत. आजच्या आंबेडकरी वाचकाला त्यांची मांडणी अपुरी वाटेल, आणि त्याचे कारणही आहे. धम्माने, शिक्षणाने, संविधानाने वस्तीतल्या माणसाला जो ताठ कणा दिला, त्याचे मोल वर्गाच्या तराजूत पुरते मावत नाही. मात्र डाव्या बाजूकडून हा संवाद इतक्या गंभीरपणे करणारे लोक थोडे होते, हे नोंदवायला हवे.

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर महाराष्ट्र पेटला, त्यावर त्यांनी लिहिले. २९ सप्टेंबर २००६ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, त्यानंतरच्या उद्रेकावरही लिहिले. हा दुसरा लेख वाचताना मी थबकलो. तो लिहिणारी बाई तेव्हा भूमिगत आहे, आजारी आहे, आणि ज्या भंडारा जिल्ह्यात तिने विडी कामगारांमध्ये अभ्यास केला, त्याच जिल्ह्यातल्या एका गावाविषयी ती लिहिते आहे. ओळखीच्या भूमीचे दुःख तिला झाले नसेल कसे? पण लेखात ते दुःख 'मला' म्हणून येत नाही. तिथे दलितांचा संताप आहे, राज्ययंत्रणेचे वागणे आहे, जमिनीचा प्रश्न आहे. लिहिणारी कुठेच नाही.

तिसरा भाग स्त्रीप्रश्नाचा. स्त्रीवादी चळवळीतल्या तात्त्विक प्रवाहांवरचा त्यांचा दीर्घ निबंध त्यांच्या निधनानंतर देशाबाहेरही वाचला गेला. मेरी वोलस्टोनक्राफ्ट आणि जॉन स्टुअर्ट मिलपासून बेटी फ्रीडन, केट मिलेट, शुलामिथ फायरस्टोन ते समाजवादी आणि उत्तर-आधुनिक स्त्रीवादापर्यंत एकेक प्रवाह त्या उलगडतात. प्रत्येकाचे देणे आधी सांगतात, मग मर्यादा. प्राध्यापिकेची ही सवय जंगलातही सुटलेली नाही. निष्कर्ष पक्षाच्या चौकटीतलाच आहे आणि तो थोडा आधीच ठरलेला वाटतो, हा या निबंधाचा दोष. पण विरोधकाचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय त्याला खोडायचे नाही, ही शिस्त आजच्या वादविवादांत दुर्मिळ झाली आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या लेखनात 'मी' का नाही?

एक उत्तर सरळ आहे. भूमिगत माणसाला 'मी' परवडत नाही. नाव बदलते, गाव सांगता येत नाही, सोबत्याचा उल्लेख करता येत नाही. जी बाई चार-पाच नावांनी जगते, तिने आत्मचरित्र कोणत्या नावाने लिहावे? या संग्रहात एक मुलाखत आहे. आदिवासी स्त्री संघटनेच्या नियतकालिकासाठी घेतलेली. शहरातून आलेल्या बाईला जंगलात कसे वाटले, हे तिला विचारले आहे. स्वतःविषयी बोलण्याची तिला मिळालेली बहुधा हीच मोकळी जागा, आणि तिथेही ती जानकी या नावाने बोलते. स्वतःविषयी थोडे सांगून ती लगेच बायकांच्या संघटनेकडे, गावांकडे वळते.

दुसरे उत्तर पक्षसंस्कृतीत आहे. जिथे 'आम्ही' हाच आदराचा शब्द आहे, तिथे 'मी' हा संशयाचा ठरतो. यात नैतिक ताकद आहे, नाही असे नाही. पण स्त्रीप्रश्नाच्या बाबतीत ती ताकद अडचण होते. कारण स्त्रियांची कितीतरी दुःखे 'मी' म्हटल्याशिवाय सांगताच येत नाहीत. सभेत दुर्लक्ष होणे, नवऱ्याच्या पदावरून ओळखले जाणे, बाळंतपणानंतर काम सुटणे, या गोष्टी ठरावात मावत नाहीत.

याचा पुरावा शेजारच्या तेलंगणाने दिला आहे. १९४६ ते १९५१ या काळातल्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांना हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने पस्तीस-चाळीस वर्षांनी बोलते केले. ते पुस्तक तेलुगूत आले, मग १९८९ साली इंग्रजीत. पक्षाच्या इतिहासात ज्या बायका शौर्याच्या नोंदी होत्या, त्या इथे मूल दुसऱ्याच्या हाती सोपवल्याचे, लढा संपल्यावर परत चुलीपाशी पाठवले गेल्याचे सांगू लागल्या. लढा त्यांनी नाकारला नाही. त्या काळात आपण माणूस म्हणून जगलो, असेही त्या सांगतात. पण अभिमान आणि तक्रार एकाच श्वासात आली, आणि तेव्हाच ती माणसे खरी वाटली.

दुसरा पुरावा नेपाळचा. हिसिला यमी या वास्तुविशारद, काठमांडूच्या नेवार घरातल्या. नेपाळच्या माओवादी युद्धात 'पार्वती' या नावाने त्या लिहीत. क्रांतिकारी पक्षात बाई पुढे येते आणि लग्न, मूल झाले की मागे कशी पडते, हे त्यांनी युद्ध चालू असतानाच लिहिले होते. पण तो निबंध होता. २००६ साली शांतता करार झाला, त्या मंत्री झाल्या, पती बाबुराम भट्टराई पंतप्रधान झाले, आणि २०२१ साली त्यांनी स्वतःच्या नावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात पक्षनेतृत्वाशी झालेले संघर्ष आहेत, झालेली शिक्षा आहे, सत्तेच्या जवळ गेल्यावरची टीकाही आहे. पार्वतीला 'मी' म्हणता आले, ते युद्ध थांबले म्हणून. जानकीचे युद्ध थांबले नाही.

तेव्हा अनुराधांचे न लिहिलेले आत्मचरित्र हा केवळ त्यांच्या विनयाचा भाग नाही. सशस्त्र मार्गाची ती एक किंमत आहे, आणि ती मोजली गेलेली नाही. त्या मार्गावर बाई केंद्रीय समितीपर्यंत पोहोचू शकते, पण तिथे पोहोचताना काय झाले ते सांगू शकत नाही.

६

आणखी एक हिशेब बाकी आहे, आणि तो टाळून हा लेख संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. केंद्रीय समिती ही पक्षाची निर्णय घेणारी जागा आहे. त्या पक्षाच्या हातून पोलीस मेले, खबरे ठरवून आदिवासी मारले गेले. अनुराधांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, मे २००९मध्ये, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात हत्तीगोट्याजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात सोळा पोलीस ठार झाले. त्यांत पाच महिला पोलीस होत्या. त्या घटनेत अनुराधांचा हात असण्याचा प्रश्न नाही. पण झारखंडच्या शिबिरात स्त्रीमुक्ती शिकवणारी बाई आणि हत्तीगोट्याला मेलेल्या त्या पाच जणी एकाच गोष्टीत बसवून दाखवता येतात का, हा प्रश्न आहे. त्यागाच्या कथनात त्या बसत नाहीत. अनुराधांच्या लेखसंग्रहातही हिंसेचा हा प्रश्न केंद्रस्थानी कुठेच येत नाही. जात, स्त्री, श्रम यांविषयी एवढी काटेकोर असलेली लेखिका इथे पक्षाची भाषा जशीच्या तशी स्वीकारते. तिला पूजनीय मानणारे हे विचारत नाहीत आणि तिला केवळ दहशतवादी म्हणणारे तिचे लेख वाचतच नाहीत. दोघांनाही तिची बुद्धी नको असते.

राज्ययंत्रणेचे वागणेही या कथेबाहेर ठेवता येत नाही. ज्या दोघांनी 'स्क्रिप्टिंग द चेंज' संपादित केले, ते दोघेही पुढे भीमा-कोरेगाव प्रकरणात तुरुंगात गेले. शोमा सेन यांना जून २०१८मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडले. आनंद तेलतुंबडे एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२२ तुरुंगात होते. खटल्याचा निकाल लागण्याआधीच ही वर्षे गेली. अशा हवेत अनुराधांवर मोकळेपणाने टीका करणे आणि मोकळेपणाने त्यांना वाचणे, दोन्ही अवघड होते. जिथे वाचणे हाच पुरावा ठरू शकतो, तिथे टीका मरते आणि फक्त भक्ती व द्वेष उरतात.

शेवटी एक नाव. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत ताराक्का ऊर्फ विमला सिडाम यांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र खाली ठेवले. गडचिरोली जिल्ह्यातल्याच या आदिवासी बाई. ऐंशीच्या दशकात जंगलात गेल्या, दंडकारण्याच्या विशेष विभागीय समितीपर्यंत पोहोचल्या. म्हणजे अनुराधा नागपुरात सायकलवर फिरत होत्या, तेव्हापासून ताराक्का जंगलात होत्या. त्यांचे आयुष्य आपल्याला कळले ते बातमीतून : किती गुन्हे, किती इनाम, किती वर्षे. त्यांच्यावर संग्रह नाही, प्रस्तावना नाही, स्मृतिव्याख्यान नाही. त्यागाची गोष्ट अशा बाईला लावता येत नाही, कारण आपल्या हिशेबाने सोडण्यासारखे तिच्याकडे काही नव्हतेच. हा हिशेब किती चुकीचा आहे हे कळायला तिच्या आईचे, तिच्या गावाचे म्हणणे ऐकावे लागेल.

अनुराधांनी आदिवासी स्त्रियांच्या सांस्कृतिक अभिव्यक्तीवर लिहिले आहे. बळजबरीच्या लग्नांविरुद्ध उभ्या राहिलेल्या, स्वतः गाणी रचणाऱ्या बायकांविषयी त्यात जिव्हाळा आहे. पण त्या बायकांचे एकेकटे नाव, एकेकटी गोष्ट तिथे क्वचितच सापडते. त्या 'आदिवासी स्त्रिया' म्हणून येतात. 'मी' नाकारणाऱ्या लेखिकेने दुसऱ्यांच्या 'मी'लाही फारशी जागा दिली नाही. हा दोष एकट्या अनुराधांचा म्हणता येणार नाही. आपण सगळेच, शहरातून जंगलाविषयी लिहिणारे, त्यात आहोत. मीही त्यातलाच.

गोदावरी परुळेकरांनी वारल्यांविषयी लिहिताना आधी स्वतःला उघडे केले. पुण्यातल्या शिकलेल्या घरातून आलेल्या बाईला वारल्यांच्या पाड्यावर काय समजले नाही, हे त्यांनी लिहिले, म्हणून त्यांना जे समजले त्यावर आपण विश्वास ठेवतो. अनुराधांना ही संधी मिळाली नाही. शस्त्राच्या वाटेने त्यांची ती संधी गेली, आजाराने उरलासुरला वेळ नेला. ताराक्कांना ती अजून आहे. त्या जिवंत आहेत, मराठी मुलखात आहेत, आणि आता त्यांना खरे नाव लपवायचे कारण नाही. कुणी तरी त्यांच्या बोलीत त्यांना विचारावे आणि जे ऐकू येईल ते, आवडो न आवडो, कुठलाही शब्द न बदलता लिहून घ्यावे. अनुराधांचे न लिहिलेले आत्मचरित्र आपल्याला वाचता येणार नाही. त्याच्या शेजारचे अजून लिहिले जाऊ शकते.